कानाचं दार नाकात

खंडाळ्याचा घाट चढताना कान आपसूक सुटतात आणि उतरताना सुटत नाहीत, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. चढताना आत बारीक ‘टक्‌’ होतं आणि गप्पा चालू राहतात. उतरताना मात्र गाडीतलं कुणीतरी जबडा वेडावाकडा करत असतं, कुणी मुद्दाम आवंढे गिळत असतं, मागच्या सीटवरचं पोर कान धरून कुरकुरत असतं आणि पुढून कुणीतरी म्हणतं, “अगं, लिमलेटची गोळी दे त्याला.” असं म्हणणारं माणूस बरोबर असतं. ते का बरोबर असतं, हे मला यंदा जरा सविस्तर कळलं.

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे. खोपोलीहून तिथवर चढेपर्यंत हवेचा दाब ६-७ टक्क्यांनी उतरतो. कानाच्या पडद्यामागे, मध्यकर्णात, मात्र खालचीच हवा कोंडलेली असते. तिला बाहेर पडायला वाट एकच. मध्यकर्णातून निघून नाकाच्या पार मागे, टाळूच्या वर उघडणारी युस्टेशियन नळी. मोठ्या माणसात ती जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब असते. कानाकडचा तिसरा हिस्सा हाडाचा, बाकीचा कुर्चेचा आणि मऊ. एरवी ती मिटलेली असते. घाट चढताना आतल्या हवेचा जोर जास्त, म्हणून ती स्वतःच रेटून बाहेर पडते. उतरताना सगळं उलट होतं. बाहेरचा दाब वाढत जातो, आत ओढ लागते आणि त्या ओढीनं नळीचं मऊ तोंड आणखीच चिकटून बसतं. ते उघडायचं तर टाळूचा स्नायू ताणावा लागतो आणि हा स्नायू ताणला जातो गिळताना, जांभई देताना. गोळीत औषध काही नसतं. लाळ सुटते, गिळावं लागतं, एवढंच.

हे सगळं नाक धड असताना. सर्दीनं नळीचं तोंड सुजलेलं असेल तर स्नायूनं ओढूनही ते उघडत नाही. मग आत अडकलेली हवा मध्यकर्णाचं अस्तर हळूहळू शोषून घेतं, पडदा आत ओढला जातो, आणि ती ओढ फार वेळ राहिली की अस्तरातून द्रव पाझरायला लागतो. बाहेरून पाणी गेलेलं नसतंच. पाणी आतलंच असतं.

गौरी-गणपतीला पुण्याला जाताना माझं नाक वाहत होतं, येताना चोंदलं होतं. घाट उतरताना डावा कान बंद झाला. पनवेल आलं, कळंबोली गेली, घरी पोचल्यावर सुटेल म्हटलं, झोपून उठल्यावर सुटेल म्हटलं. नाही सुटला.

ज्याला हे कधी झालेलं नाही त्याला वाटतं, कान बंद म्हणजे ऐकू येणं बंद. तसं नसतं. नको ते फार ऐकू येतं. स्वतःचा आवाज डोक्याच्या आतून घुमतो. पातळ पोह्यांचा चिवडा खाल्ला तर शेजारी बसलेल्याचं बोलणं त्या कडाकडाटात बुडतं. जिना उतरताना टाचेचा प्रत्येक दणका कवटीत पोचतो. आणि जे ऐकायला हवं ते सगळं लांब गेलेलं असतं. मी ठाण्याहून तुर्भ्याला ट्रान्सहार्बरनं जाते. ‘पुढील स्थानक दिघा गाव’ ही बाई नेहमी डोक्यावर बसल्यागत बोलते. त्या दिवसांत ती पुढच्या डब्यात बोलत होती. ऑफिसात फोन उजव्या कानाला आणि लिहायला उजवाच हात, त्यामुळे तारांबळ वेगळी. डोकं कलतं केलं की आत काहीतरी जागा बदलल्याची जाणीव व्हायची. मान सरळ केली की परत.

सगळ्यात मजेशीर प्रकार गाण्याच्या क्लासमध्ये झाला. आमच्या बाई दोन आलाप ऐकून थांबल्या आणि म्हणाल्या, “आज आवाज का चोरतेयस?” मी मुळीच चोरत नव्हते. माझा मलाच एवढा मोठ्यानं ऐकू येत होता की आणखी सोडला असता तर ओरडल्यासारखं झालं असतं, असं मला मनापासून वाटत होतं. पडद्यामागे पाणी साठलेली माणसं हळू बोलतात, आणि ज्यांची कानाची नस कमजोर झालेली असते ती मोठ्यानं बोलतात, हे मला नंतर कळलं. आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा सबंध मजल्याला ऐकू जाईल असं का बोलतात, त्याचाही उलगडा झाला.

आता घरचे उपाय.

आमच्या सासूबाईंकडे कानाच्या दुखण्यावर एकच उत्तर आहे. फोडणीच्या पळीत खोबरेल तेल, त्यात ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, पाकळ्यांना सोनेरी कड येऊन त्या तडतडल्या की गॅस बंद. मग तेल कोमट होईपर्यंत बोटानं सारखं बघत राहायचं आणि कापसाच्या बोळ्यानं कानात दोन थेंब. वास असा सुटतो की कान राहू दे, ते तेल भाकरीवर घ्यावंसं वाटतं. “नुसते दोन थेंब गं, त्यानं काय होतंय?” असं त्या म्हणाल्या. प्रश्न तोच होता. त्यानं काय होतंय? कानाच्या भोकातून काहीही घाला, ते पडद्यापाशी थांबतं. पडदा धड असेल तर तेल आत जात नाही, आणि धड नसेल तर ते जाऊच नये. भोक पडलेल्या पडद्यातून तेल आत गेलं तर जंतूंची सोय होते. दोन्हीकडून तेलाला तिथे काम नाही.

पण तेलानं गुण आल्याच्या गोष्टी घराघरात आहेत आणि त्या सगळ्या खोट्या नाहीत. कान बंद होण्याचं दुसरं साधं कारण म्हणजे मळ. वाळून घट्ट झालेला मळ तेलानं मऊ होतो, सुटतो, आणि आजीच्या तेलाचा जयजयकार होतो. शिवाय पडद्यामागचं पाणीही बहुतेकांचं काही आठवड्यांत आपणहून उतरतंच. त्या आठवड्यांत जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कानाचा विषय निघाला तेव्हा कांद्याचा रस, हायड्रोजन पेरॉक्साइड, कानात उभी करून पेटवायची पोकळ मेणबत्ती आणि तुळशीचा अर्क अशी सगळी मंडळी हजर झाली, आणि प्रत्येकामागे एक बरा झालेला मेव्हणा होता. मेणबत्तीचं तर खरंच सांगते, कुणी करू नका. ती काहीही ओढून घेत नाही. जळल्यावर खाली जे तपकिरी उरतं ते मेणच असतं, आणि ते गरम गरम पडद्यावर पडलं तर मात्र खरं दुखणं सुरू होतं. हेअरपिन, काडेपेटीची काडी आणि स्टेशनाबाहेर कान साफ करून देणारे यांच्याबद्दल वेगळं बोलत नाही.

सासूबाईंचा मान राखायचा म्हणून मी शेक घेतला. तव्यावर गरम केलेल्या मिठाची पुरचुंडी, कानाच्या मागे आणि गालावर. पाण्याचा थेंबही त्यानं हलत नाही, पण ठणक असेल तर शेकानं बरं वाटतं, आणि बरं वाटणं हा काही गुन्हा नाही.

नौपाड्यात आमचे नेहमीचे कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत. त्यांनी आधी यंत्राला हातच लावला नाही. खणातून ट्यूनिंग फोर्क काढला, कोपरावर आपटला आणि त्याचं बूड माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवलं. “कुठे ऐकू येतंय?” मी जरा चाचरलेच, कारण उत्तर उलटं येत होतं. आवाज बंद कानात येत होता. चांगल्या कानात जवळजवळ नाहीच. “डावीकडे,” म्हटलं. “छान,” ते म्हणाले. मला त्यात छान काय ते कळेना.

छान हे, की कानाची नस शाबूत आहे. कपाळाच्या हाडातून जाणारा आवाज दोन्ही कानांच्या आतल्या भागापर्यंत सारखाच पोचतो. पण ज्या कानात हवेची वाट अडलेली असते त्याला बाहेरचा गोंगाट ऐकू येत नाही आणि आत आलेला आवाज तिथून निसटतही नाही, म्हणून तो तिथे मोठा वाटतो. हे घरीही अजमावता येतं. तोंड मिटून ‘म्‌’ असा सूर लावायचा. तो बंद कानात घुमला तर अडथळा बहुधा बाहेरच्या नाहीतर मधल्या कानात आहे. मात्र एक कान अचानक, म्हणजे काही तासांत किंवा एका रात्रीत बंद झाला आणि हा सूर चांगल्या कानाकडे सरकला, तर घरी थांबायचं नाही. तो नसेचा बहिरेपणा असू शकतो. त्यावरची स्टिरॉइडं पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत सुरू झाली तर उपयोगाची. ‘सर्दीनं कान बसलाय, जाईल’ म्हणून वाफ घेत बसलेल्या माणसांचे ते दिवस हकनाक जातात. अर्थात सूर लावून मिळतो तो नुसता अंदाज. अचानक कमी झालेल्या ऐकण्याची तपासणी डॉक्टरांकडेच व्हायला हवी, सूर कुठेही घुमो.

मग त्यांनी कानात बारीक दुर्बीण घातली आणि समोरच्या पडद्यावर माझा कानाचा पडदा दाखवला. मला तो पाहण्याची जाम उत्सुकता होती. नखाएवढा गोल, सेंटिमीटरभरही रुंद नाही. निरोगी पडदा मोतिया करडा असतो. उजवा तसाच होता, त्यावर प्रकाशाचा एक तिकोनी कवडसा आणि पलीकडे हातोडी नावाच्या हाडाची दांडी स्पष्ट. डावा पिवळसर, मधाळ, आत ओढलेला. आणि त्यामागे एक आडवी रेघ, केसाएवढी बारीक. रेघेच्या खाली द्रव, वर हवा, आणि कडेला दोन बुडबुडे. मला म्हणाले, डोकं जरा कलतं करा. रेघ हलली. गवंड्याच्या लेव्हलबाटलीतला बुडबुडा सरकतो तशी ती हलली आणि नव्या आडव्या पातळीवर येऊन थांबली. इतके दिवस डोक्यात जे सरकत होतं ते समोर दिसत होतं.

त्यानंतर टिंपॅनोमेट्री. कानात रबरी बोंडूक बसवतात, आतला दाब कमी-जास्त करतात आणि पडदा किती हलतो ते यंत्र कागदावर काढून देतं. उजव्या कानाचा नीट डोंगर आला. डाव्याची सपाट रेघ. पडद्यामागे द्रव असला की पडदा हलतच नाही, म्हणून सपाट.

“औषध?” मी विचारलं.

“नाक सांभाळा. सहा आठवड्यांनी या.”

फी घेऊन काही न करायला सांगणारा डॉक्टर आपल्याला पटत नाही. बाहेर पडताना मलाही चिठ्ठी हलकी वाटली. अँटिबायोटिक नाही, कारण ताप नव्हता, ठणका नव्हता, पू नव्हता. सर्दीच्या अँटिहिस्टामिन गोळ्या नाहीत. मुलांच्या कानातल्या अशा पाण्यावर या गोळ्यांचा अभ्यास होऊन गेला आहे. पाणी त्यांनी लवकर उतरत नाही, गुंगी मात्र येते. त्यातल्या नाक मोकळं करणाऱ्या औषधांनी काहींचा रक्तदाबही वाढतो, म्हणून घरातल्या बीपीच्या माणसानं केमिस्टला विचारून ‘सर्दीची कुठलीही’ गोळी आणू नये. आमच्या घरी हा नियम सासूबाईंसाठी आहे आणि त्या तो पाळत नाहीत.

मग घरी करायचं काय? मला जे समजलं ते असं, की कानावरचा इलाज कानातून होत नाही. कानाचं दार नाकात आहे, आणि ते दार उघडायचे मार्ग माणसं काही शतकं शोधत आली आहेत.

नळीला ज्याचं नाव आहे तो बार्तोलोमेओ युस्टाकी १६व्या शतकातला रोमचा शरीरशास्त्रज्ञ. पण दार उघडण्याची खरी गंमत पुढे आहे. १७०४ साली बोलोन्याच्या अंतोनिओ वाल्साल्वा यांनी कानावर ग्रंथ लिहिला. नाक-तोंड बंद करून श्वास रेटायचा, म्हणजे कानात हवा जाते, ही युक्ती त्यात आहे. त्यांच्या डोक्यात विमान नव्हतं, कानातला पू बाहेर काढायचा होता. त्यानंतर १७२४ साली व्हर्सायच्या टपालखात्यातला ग्वीयो नावाचा पोस्टमास्तर पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर गेला. स्वतःच्या बहिरेपणाला कंटाळून त्यानं कथलाची वाकडी नळी तोंडातून टाळूमागे घालून कानाच्या नळीच्या तोंडापर्यंत नेली होती. डॉक्टर नव्हे, पोस्टमास्तर! त्या नळीची कल्पना करून मला आजही ओकारी येते, पण माणसाची चिकाटी मानायला हवी. १८६३ साली व्हिएन्नाच्या अ‍ॅडम पोलित्झर यांनी ते फार सोपं केलं. एका नाकपुडीत रबरी फुग्याचं टोक, दुसरी बंद, रोग्यानं पाण्याचा घोट गिळायचा आणि त्याच क्षणी फुगा दाबायचा. गिळताना दार उघडतं, हवा आत जाते. आणि लंडनचे जोसेफ टॉयन्बी यांनी जी रीत सांगितली ती सगळ्यात सौम्य. नाक चिमटीत धरायचं आणि गिळायचं, फुंकायचं नाही. हे टॉयन्बी १८६६ साली कानातल्या गुणगुणीवर उपाय म्हणून स्वतःवर क्लोरोफॉर्म आणि प्रुसिक आम्लाच्या, म्हणजे विषारी सायनाइडच्या, वाफेचा प्रयोग करताना आपल्याच दवाखान्यात मरण पावले.

मी टॉयन्बींची रीत धरली. पाण्याचा घोट तोंडात, नाक चिमटीत, गिळायचं. दिवसातून कितीही वेळा, लोकलमध्येसुद्धा. शेजारची बाई बघते, बघू दे. वाल्साल्वांची रीतही चालते, पण अगदी हलक्या हातानं. ‘गाल फुगवून लाव जोर’ असं आमच्याकडे सुचवलं गेलं होतं. जोर नकोच. जास्त दाबानं पडद्याला आणि आतल्या कानाला इजा होऊ शकते, चक्कर येऊ शकते. नाकात पिवळा-हिरवा शेंबूड असताना तर ही रीत करूच नये. तो घाणीसकट मागे, दाराकडे जातो. नाक शिंकरतानाही तेच. दोन्ही नाकपुड्या दाबून तुतारी वाजवायची आपली सवय कानाला महाग पडते. एक नाकपुडी बंद, दुसरी हलकेच.

आता नाक. ठाण्यात नाक स्वच्छ ठेवणं हा फावल्या वेळचा उद्योग राहिलेला नाही. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून कापूरबावडी ते कासारवडवली हा पट्टा ज्यांना रोज गाठावा लागतो त्यांना विचारा. अ‍ॅलर्जी असलेल्या नाकाला धूळ लागली की अस्तर सुजतं, आणि ते अस्तर सलग नळीच्या तोंडापर्यंत जातं. नाकाचं दुखणं नि कानाचं दुखणं अशी दोन खाती डॉक्टरांच्या पाटीवर वेगळी. आत अस्तर एकच.

जलनेती मला घंटाळीच्या योगवर्गांमुळे ऐकून ठाऊक होती. ठाण्यात निम्म्या घरांत कुणी ना कुणी घंटाळी मित्र मंडळाचा वर्ग केलेला असतो. नाक धुण्यानं सूज आणि चिकटा कमी होतो, यात शंका नाही. पण दोन गोष्टी वर्गातल्या बाई ज्या कळकळीनं सांगतात त्या कळकळीनंच पाळाव्यात. पाणी उकळून गार केलेलं हवं. नळाचं नको, टाकीचं तर नकोच. २०११ साली अमेरिकेत लुइझियाना राज्यात नेतीसाठी नळाचं पाणी वापरणारी दोन माणसं मेंदूत शिरणाऱ्या अमिबानं दगावली. हा अमिबा पिऊन काही करत नाही, नाकातून गेला तर मारतो. आणि मीठ बेतानं घालावं. अर्ध्या लिटरला सपाट चमच्याला थोडं कमी. निव्वळ पाणी नाकाला झोंबतं, जास्त मीठही झोंबतं. नेतीनंतर नाक सुकवायला जोरजोरात भस्त्रिका करणारे लोक असतात. बंद कानाच्या माणसानं ते करू नये. पुढे वाकून पाणी गळू द्यावं.

वाफ मी घेतली, नाक सुटलं, अर्ध्या तासानं परत चोंदलं. २०२० पासून प्रत्येक घरात एक वाफेचं यंत्र धूळ खात पडलेलं आहे, त्यामुळे मोह होतो. वाफेचं सुख तेवढ्यापुरतं असतं आणि मोठ्या माणसानं ते जरूर घ्यावं. लहान मुलाला मात्र उकळत्या पातेल्यापाशी घेऊन बसू नये. भाजलेली पोरं त्यातूनच रुग्णालयात येतात.

नाक मोकळं करणारे थेंब केमिस्ट न विचारता देतो. पाच मिनिटांत नाक सताड उघडतं, म्हणून माणूस त्यांच्या प्रेमात पडतो. तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं आणि सूज उलट वाढते. माझ्या ओळखीत एक गृहस्थ ती बाटली वर्षानुवर्षं खिशात बाळगून आहेत आणि तिला व्यसन म्हटलेलं त्यांना आवडत नाही. अ‍ॅलर्जीसाठी डॉक्टर देतात तो स्टिरॉइडचा फवारा वेगळा. तो लगेच काही करत नाही, दिवसच्या दिवस घ्यावा लागतो. आणि तो मारायचीही रीत आहे. मान किंचित पुढे, डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं, तोंड नाकाच्या मधल्या भिंतीकडे नव्हे तर त्याच बाजूच्या कानाच्या दिशेनं, आणि मारल्यावर सुर्रकन ओढायचं नाही. ओढला की घशात उतरतो आणि पैसे गिळल्यासारखं होतं.

भ्रामरीबद्दल क्लासमधल्या एकीनं आग्रह केला. नाकातून गुणगुणताना नाकातल्या हवेत नायट्रिक ऑक्साइड साध्या उच्छ्वासाच्या जवळजवळ १५ पट होतं, हे २००२ साली स्वीडनमध्ये मोजलेलं आहे. त्यानं कानातलं पाणी उतरतं, असं मात्र त्यातून निघत नाही. मी रोज केली. पाण्यासाठी नव्हे. बंद कानात षड्ज असा काही घुमतो की त्या काळात तेवढीच चैन होती.

आणि मामलेदारची मिसळ. हसू नका. तिखटानं नाक वाहतं, वाहिलेलं पुसायचं, पाव चावायचा, ताकाचे घोट घ्यायचे, म्हणजे गिळणं चालू. औषध म्हणून कुणी लिहून देणार नाही, पण माझा कान पहिल्यांदा अर्धवट सुटला तो तिथल्या बाकावर, दुसऱ्या पावाला. ‘टक्‌’ झालं, भांड्यांचा खणखणाट एकदम जवळ आला आणि संध्याकाळपर्यंत परत बंद. असं सुटणं-मिटणं बरेच दिवस चाललं. सहा आठवड्यांनी कागदावर डावीकडेही डोंगर आला, उजव्याहून बुटका आणि थोडा एका बाजूला सरकलेला. म्हणजे पाणी गेलं, आतली ओढ थोडी बाकी आहे. त्या खेपेला डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून मागची जागाही पाहून घेतली. मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी साठून ते हटत नसेल तर तिथे गाठ नाही ना हे बघायचंच असतं, म्हणाले. माझ्याकडे काही नव्हतं.

आमच्याच इमारतीत एक सहा वर्षांचा मुलगा आहे. त्याची गोष्ट माझ्याहून महत्त्वाची. मला काय होतंय ते मी सांगू तरी शकत होते. तो टीव्हीचा आवाज वाढवतो, हाक मारली की ‘काय?’ म्हणतो, शाळेतून ‘लक्ष देत नाही’ असा शेरा येतो. घरचे रागावत होते. त्याच्या दोन्ही कानांत पाणी निघालं. लहान मुलाची नळी आखूड असते, जन्मतः मोठ्यांच्या निम्मी, आणि आपली ४५ अंश उतरती असते तर त्यांची जवळजवळ आडवी. निचरा व्हायला उतारच नाही. त्यात नळीच्या तोंडाशी अ‍ॅडेनॉइड, म्हणजे नाकामागची टॉन्सिलसारखी गाठ, वाढलेली. सातेक वर्षांचं होईस्तोवर नळी बरीचशी मोठ्यांसारखी होते आणि म्हणूनच पुष्कळ मुलांचं हे दुखणं वाढत्या वयात मागे पडतं. घरात सिगारेट असेल तर ती मात्र या दुखण्याला खतपाणी घालते. त्याचे आजोबा आता खाली पार्किंगमध्ये जाऊन ओढतात.

त्याच्या आईला सांगितलंय ते असं. तीन महिने थांबायचं, कारण बहुतेकांचं तेवढ्यात उतरतं. नाही उतरलं आणि ऐकण्यावर, बोलण्यावर परिणाम होत असेल तर पडद्यात ग्रोमेट नावाची इवलीशी नळी बसवतात. ही शस्त्रक्रिया १९५४ पासून रुळलेली आहे. तोवर फुगा. एका बोंडुकाला जोडलेला खास फुगा, तो नाकपुडीनं फुगवायचा, दुसरी नाकपुडी बोटानं बंद. फुगा रिकामा होताना गिळायचं. पोलित्झर यांचीच युक्ती, पण मुलाच्या हातात. ब्रिटनमध्ये ४ ते ११ वर्षांच्या ३२० मुलांवर याची चाचणी झाली, निष्कर्ष २०१५ साली आले. तीन महिन्यांनी फुगा फुगवणाऱ्या मुलांत निम्म्यांचे कान पूर्ववत झाले होते, न फुगवणाऱ्यांत ३८ टक्क्यांचे. फार मोठा फरक नाही, पण गोळी नाही, सुई नाही, आणि पोराला नाकानं फुगा फुगवायला मिळतो. तो सोसायटीतल्या सगळ्यांना दाखवत फिरतोय.

शाळेतल्या बाईंशी त्याची आई बोलली. आता तो पहिल्या बाकावर बसतो, उजवा कान बाईंकडे, कारण तो त्यातल्या त्यात बरा आहे. रात्री ताप, ठणका, कानातून पू किंवा कानामागे सूज आली तर थांबायचं नाही, हे तिनं फ्रिजवर लिहून चिकटवलंय. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याची पुन्हा टिंपॅनोमेट्री आहे. लसणाचं तेल वरपर्यंत पोचलेलं आहे, ते त्याच्या पायाला चोळतात.